दोन रेघा

दरवर्षी पंचवीस जानेवारीला
ग्रामपंचायतीचा शिपाई निरोप आणतो :
पेंटर, दगड करायचाय.

आता कुंचल्याचं काम उरलंय तेवढंच.
दुकानांच्या पाट्या फ्लेक्सवाल्यांनी नेल्या,
ट्रॉलीमागचे मोर, आईवडिलांचे आशीर्वाद
देवळाली कॅम्पात स्टिकरवर मिळतात, वीस रुपयांना.
दगडावर मात्र स्टिकर धरत नाही.

नावं कोरलेली आहेत, पण उथळ.
पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात धूळ,
आणि बारा महिने पोरांची बोटं.
मी दाभणानं खाचा उकरतो,
मग काळा रंग भरतो, श्वास धरून.

पुंजा रखमा मुठाळ, पासष्ट.
निवृत्ती दगडू, एकाहत्तर.
याचं आडनाव पाथरवटानं गाळलं,
आणि विचारायला त्या घरात आता कुणी नाही.
गोरख चिंधू टिळे, नव्व्याण्णव.

गोरख माझ्या बाकावर बसायचा.
'ळ' उलटा काढायचा तो, मार खाऊनसुद्धा उलटाच.
टिळेच्या ळ पाशी आलो
की कुंचला दरसाल थोडा थांबतो.
एवढा सुबक ळ
त्याला कधी जमला नसता.

यंदा सरपंच म्हणाले,
खालचा भाग घासून गुळगुळीत करून ठेव,
दोन रेघाही आखून ठेव पेन्सिलनं.
पुढं माप चुकायला नको.
मी आखल्या.
हाताला सवय, पट्टी लावली आणि ओढल्या.

आमचं गाव तोफांच्या सरावाच्या कडेला.
सकाळी नऊला पहिला धडाका,
फडताळातल्या पितळ्या एकमेकींना लागतात,
द्राक्षबागेतले पक्षी उठतात आणि त्याच तारेवर परत बसतात.
पाळण्यातलं पोर दचकत नाही इथं.
सुट्टीच्या दिवशी तोफा गप्प असल्या
की तेव्हाच ते जागं होऊन रडतं.

ठकूबाई आली दिवेलागणीला.
थंडीनं माणूस घराबाहेर नव्हतं,
बागांमधून शेकोट्यांचा धूर निघालेला, मणी तडकू नयेत म्हणून.
ती येते दरवर्षी, रंग ओला असतानाच.
वाचता येत नाही तिला,
वरून तिसरी ओळ एवढं ठाऊक.
बोट लावत नाही. नुसतं जवळ नेते,
तव्याची धग बघावी तसं.

मग खाली बघून म्हणाली,
"ह्या रेघंखाली कोन हाये रं?"
कुणी नाही, मावशी.
"मंग कशापायी वढली?"

मी डबा हलवत राहिलो.
रंग चांगला ढवळलेला होता, तरी.

गावातली सात पोरं सध्या नोकरीवर आहेत.
एक माझ्या बहिणीचं.
हे तिला माहीत होतं. मलाही होतं.
रेघ ओढताना मात्र फक्त पट्टी दिसली.

तिनं पदराचं टोक जिभेला लावलं
आणि लहान पोराच्या गालावरचं काजळ पुसावं तसं
घासू लागली दगड.
पेन्सिल निघेना, पसरली नुसती.
मी टर्पेंटाइनची बाटली उघडली,
बोळा तिच्या हातात दिला.
तिनं एक पुसली. दुसरी मी.

सव्वीसला सगळं झालं नेहमीसारखं.
दोरीची गाठ सुटेना म्हणून झेंडा थोडा अडकला,
शाळेच्या बॅण्डचा ढोल एक ठोका पुढंच.
जवानांच्या नावांच्या वेळी माईक खरखरला,
निवृत्ती दगडूंना
पुन्हा आडनाव मिळालं नाही.
ठकूबाईला शाल दिली.
ती तिनं काढून घडी केली, मांडीवर ठेवली,
आणि भाषणभर दगडाच्या खालच्या कोऱ्या भागाकडे
बघत बसली, राखणीला बसल्यासारखी.

सत्तावीसला सरपंच विचारायला आले :
रेघा कुठं गेल्या?
टर्पेंटाइन सांडलं, म्हणालो.
परत आखशील ना?

नऊ वाजले असावेत.
डोंगराकडून पहिला धडाका आला,
शेल्फावरचे रंगाचे डबे किणकिणले,
आणि मला ऐकू आलं नाही असं
मी त्यांना हातानं खुणावलं.